'माय लास्ट डचेस' आणि 'द कर्नल': तुलना कुठून सुरू करावी?

पानगळ

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात दोन कविता शेजारी ठेवून बोलायचं ठरलं आहे: रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' (१८४२) आणि कॅरोलिन फोर्शेची 'द कर्नल' (कवितेखाली तारीख मे १९७८). हाताशी पाऊण तास. गटातले निम्मे लोक इंग्रजी साहित्य शिकलेले आहेत, निम्मे नाहीत. कविता इंग्रजीतून वाचायच्या, चर्चा मराठीत.

वरवरचं साम्य कुणालाही दिसेल. दोन्हीकडे सत्ता हातात असलेला पुरुष, त्याचं घर, घरी आलेला पाहुणा, आणि यजमान आपण होऊन आपलं क्रौर्य त्या पाहुण्यापुढे मांडतो. पण "बाहेरून सुसंस्कृत, आतून क्रूर" एवढं म्हटलं की पाच मिनिटांत विषय संपतो. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरातल्या बारीकसारीक वस्तूंचं दोन्ही कवितांत नेमकं काम काय? एक ५६ ओळींची यमकबद्ध कविता आणि एक सलग परिच्छेद, यांच्या घाटाची तुलना कशी करायची? आणि इतिहास किती सांगायचा? फेरारा (इटली) आणि एल साल्वादोर (मध्य अमेरिका), दोन्ही ठिकाणं बहुतेकांना अनोळखी आहेत.

---

उंबरठा

पाहुण्यापासून सुरू करा. यजमानापासून सुरुवात केली की चर्चा लगेच "हा माणूस किती दुष्ट आहे" याकडे घसरते, आणि त्यावर कुणाचंच दुमत नसल्यामुळे बोलायला काही उरत नाही.

ब्राउनिंगच्या कवितेत एक ड्यूक, म्हणजे बडा सत्ताधीश सरदार, पाहुण्याला आपल्या आधीच्या बायकोचं, डचेसचं, भिंतीवरचं चित्र दाखवत बोलतो. त्याच्याकडे आलेला हा माणूस एका काउंटचा (दुसऱ्या सरदाराचा) दूत आहे. काउंटच्या मुलीशी ड्यूकचं लग्न ठरवायचं आहे, हुंड्याची बोलणी व्हायची आहेत. ड्यूक पाचव्या ओळीत त्याला बसवतो, "बसून जरा बघता का हिच्याकडे", आणि ४७व्या ओळीत उठवतो. मधल्या सगळ्या ओळी तो दूत खुर्चीला खिळलेला आहे. अदबीने बसवलेला माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही. फोर्शेच्या कवितेत एल साल्वादोरमधल्या एका लष्करी कर्नलच्या घरी तेच जेवणाच्या टेबलापाशी घडतं. कॉफी-साखरेचा ट्रे येतो, कोकराच्या मांसाचा पदार्थ येतो, चांगली वाइन येते, "देश कसा वाटला" अशी विचारपूस होते. पाहुणचार हा इथे क्रौर्यावरचा पडदा नाही. पाहुण्याला जागेवर धरून ठेवण्याचं ते साधन आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

दोन्ही पाहुणे बोलत नाहीत, पण डोळे बोलतात. दूत चित्रातल्या नजरेकडे पाहून काहीतरी विचारू पाहतो, आणि ड्यूक म्हणतो की सगळेच असं विचारू बघतात, "धीर झाला तर". या तीन शब्दांतून त्या महालात वावरणाऱ्यांची भीती कळते. 'द कर्नल'मध्ये निवेदिकेसोबत आलेला मित्र डोळ्यांनीच सांगतो: काही बोलू नकोस. शिवाय दोघेही पाहुणे निरोपे आहेत. ड्यूकला हवं ते दूताने काउंटपर्यंत पोचवायचं आहे, आणि कर्नल तर निवेदिकेला थेट सांगतो की तुझ्या लोकांना जाऊन सांग. दूताने परत जाऊन काय सांगितलं ते ब्राउनिंग कळू देत नाही. फोर्शेची कविता मात्र स्वतःच तो पोचवलेला निरोप आहे. तुलनेचा कणा इथे सापडेल.

आता एक जागा बारकाईने बघा: गच्ची. दोन्ही कवितांत ती आहे, आणि माझ्या मते गटाला दाखवायची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. ब्राउनिंगच्या गच्चीवरून डचेस पांढऱ्या खेचरावर बसून फेरी मारते. ड्यूकची तक्रार अशी की त्या खेचराचा, मावळतीच्या उजेडाचा, कुणीतरी बागेतून तोडून आणलेल्या चेरीच्या फांदीचा आणि ड्यूकने दिलेल्या भेटीचा तिला सारखाच आनंद व्हायचा. येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून ती हसायची. फोर्शेच्या गच्चीत एक पोपट "हॅलो" म्हणतो. कर्नल त्याला गप्प बसायला सांगतो आणि टेबलावरून उठून माणसांचे कापलेले कान भरलेली पिशवी आणायला जातो. म्हणजे दोन्हीकडे सत्तेला खुपतं ते बंड नव्हे, कुणाचीही परवानगी न घेता, समोर कोण आहे हे न बघता केलेलं साधं अभिवादन. तिकडे हसू थांबतं, इकडे पोपटाला गप्प केलं जातं, आणि क्रौर्य उघडं पडतं ते त्यानंतर लगेच. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून फळ्यावर लिहा, बाकी चर्चा आपोआप होईल.

---

चौथा_चरण

घाटाबद्दल. "एक छंदोबद्ध, एक मुक्तछंद" असं कुणी म्हणेल, तिथेच थांबवा. 'द कर्नल' मुक्तछंद नाही, ती गद्यकविता आहे. ओळ कुठे तोडायची हा निर्णयच तिच्यात नाही, कागदाची कड येईल तिथे ओळ वळते. वाचकाला थांबायला जागा फक्त पूर्णविरामाची.

ब्राउनिंगच्या ५६ ओळी म्हणजे २८ जोडओळी, प्रत्येक ओळीत साधारण दहा अक्षरं आणि पाच आघात. तरी मोठ्याने वाचली तर यमक सहसा कानात भरत नाही, कारण वाक्य ओळीच्या टोकाला थांबत नाही, पुढच्या ओळीत वाहून जातं. वाचून दाखवणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथे होते: प्रत्येक ओळीनंतर थांबतात, मग कविता बडबडगीत होते आणि ड्यूक विनोदी वाटायला लागतो. विरामचिन्हांवर थांबा, ओळीवर नको. यमक आहे पण ते लपलेलं आहे. ड्यूकचा स्वतःवरचा ताबा असाच आहे. आपल्याला बोलण्याची कला अवगत नाही असं तो मधेच म्हणतो, आणि म्हणतो तेही बिनचूक वृत्तात.

एक जोडी जरूर दाखवा. तिसऱ्या-चौथ्या ओळीचं यमक 'हँड्स' आणि 'स्टँड्स'. तिथे हात चित्रकाराचे आहेत, आणि तिथे ती उभी आहे, चित्रात. ४५-४६व्या ओळीत तेच यमक परत येतं, पण आता 'कमांड्स' आणि 'स्टँड्स'. "मी हुकूम दिले. मग सगळी हास्यं एकदम थांबली. ती बघा, उभी आहे." 'देअर शी स्टँड्स' हे तीन शब्द दोन्ही ठिकाणी जसेच्या तसे आहेत. पहिल्यांदा ऐकताना ते चित्राचं कौतुक वाटतं, दुसऱ्यांदा ऐकताना ती कशामुळे चित्रात उरली हे कळलेलं असतं. खून सांगायला ड्यूकला तीन इंग्रजी शब्द पुरतात आणि पुढच्याच श्वासात तो पाहुण्याला म्हणतो, उठता का, खाली मंडळी वाट बघताहेत.

फोर्शेचं तंत्र उलट दिशेने तिथेच पोचतं. वाक्यं तुटक, साधी, बहुतेक नुसती नोंद. सुरुवातीच्या भागात एक यादी आहे: रोजची वर्तमानपत्रं, पाळीव कुत्री, आणि त्याच्या शेजारी उशीवर पिस्तूल. पिस्तुलाला वेगळं वाक्य नाही, उद्गार नाही, कुत्र्यांआधी जसा स्वल्पविराम येतो तसाच पिस्तुलाआधी. वाचताना तिथे आवाज चढवला की कविता पडली. सगळ्या वस्तूंचं वजन सारखं ठेवायचं.

अभ्यासकांच्या टिपणांत एक विधान सतत दिसतं: "अख्ख्या कवितेत एकच उपमा आहे, कानांना दिलेली, वाळलेल्या पीचच्या अर्ध्या फोडींची." हे चूक आहे. खिडक्यांचे गज दारूच्या दुकानांच्या गजांसारखे आहेत, ही एक. चंद्र काळ्या वायरीला टांगल्यासारखा उघडा लोंबतो, म्हणजे चौकशीच्या खोलीतल्या दिव्यासारखा. तिथे उपमेचा शब्द नाही, पण प्रतिमा आहेच. आवारभिंतीतल्या काचा माणसाचे हात कापून त्यांची लेस करतील असंही म्हटलंय. आणि लेस ही पुन्हा घरातली, पडद्याची वस्तू. मग पीचच्या उपमेचं वेगळेपण कशात? तिच्यानंतर लगेच निवेदिका म्हणते की हे सांगण्याचा दुसरा मार्ग नाही. उपमा देऊन झाल्यावर तिला उपमेचा संकोच होतो. कवितेत ती स्वतःच्या बोलण्याबद्दल बोलते ती एवढ्या एकाच ठिकाणी.

(गटात पीच फारसं कुणी वाळवलेलं पाहिलं नसेल. जर्दाळूची वाळलेली अर्धी फोड डोळ्यांपुढे आणली तरी आकार आणि सुरकुत्या नेमक्या कळतात.)

---

तळटीप

इतिहास थोडाच सांगा, पण अचूक सांगा. प्रत्येक कवितेला चार मिनिटं पुरतात.

'माय लास्ट डचेस' १८४२ साली आली तेव्हा तिचं शीर्षक 'इटली' असं होतं, आजचं शीर्षक १८४९मध्ये आलं. कवितेत ड्यूकचं नाव नाही, शीर्षकाखाली फक्त 'फेरारा' आहे. अभ्यासक त्याचा संबंध फेराराचा ड्यूक दुसरा अल्फोन्सो याच्याशी लावतात. त्याचं पहिलं लग्न १५५८मध्ये ल्युक्रेत्सिया दे मेदिचीशी झालं तेव्हा ती १३ वर्षांची होती, आणि १५६१मध्ये १६व्या वर्षी ती वारली. विषप्रयोगाची कुजबुज झाली. क्षयाने मृत्यू झाला असण्याची शक्यता इतिहासकार जास्त मानतात. नंतर त्याने १५६५मध्ये ऑस्ट्रियाच्या बार्बराशी लग्न केलं. चित्रकार फ्रा पँडॉल्फ आणि शेवटचा शिल्पकार, इन्सब्रुकचा क्लाउस, हे दोघे मात्र ब्राउनिंगने कल्पिलेले आहेत. त्यांची चित्रं शोधण्यात कुणी वेळ घालवू नये.

वर 'खून' हा शब्द आला आहे म्हणून सांगतो: कवितेत तो सिद्ध होत नाही. हुकूम कसले होते असं ब्राउनिंगला पुढे विचारलं गेलं तेव्हा त्याने आधी मारण्याचे असं सांगितलं, आणि मग जोडलं की किंवा तिला मठात कोंडलं असेल. ही फट बुजवू नका. ड्यूकला तपशील सांगायची गरज वाटत नाही, यातच त्याची सत्ता दिसते.

'द कर्नल'साठी १९७७-७८ची पार्श्वभूमी लागते. अमेरिकेत जिमी कार्टर अध्यक्ष झाले होते आणि लष्करी मदतीला मानवी हक्कांची अट जोडली जात होती. एल साल्वादोरच्या लष्करी सरकारने १९७७मध्ये त्या अटींवर चिडून मदतच नाकारली. हे माहीत नसेल तर कर्नल एका अमेरिकन कवयित्रीसमोर हक्कांच्या नावाने शिवी का घालतो, हे कळत नाही. ते निव्वळ पिसाटपण वाटतं. तो पिसाट नाही, तो एका सरकारी धोरणाला उत्तर देतो आहे. टीव्हीवर इंग्रजी पोलिसी मालिका आणि मधे स्पॅनिश जाहिरात, हा तपशीलही त्याच नात्याचा. यादवी युद्ध त्यानंतर पेटलं आणि १९९२पर्यंत चाललं, सुमारे ७५,००० माणसं मेली. पण ते पुढचं. कवितेवरची तारीख युद्धाआधीची आहे, एवढं स्पष्ट सांगा.

आता उंबरठा यांच्याशी थोडा मतभेद. साम्य इतकं गोळीबंद मांडलं की मोठा फरक झाकला जातो. ड्यूकच्या क्रौर्याचा बळी घरातलाच आहे, तिला चेहरा आहे, लाली आहे, आवडीनिवडी आहेत. कर्नलचे बळी घराबाहेरचे, बिनचेहऱ्याचे, संख्येने 'पुष्कळ', आणि त्यांतलं घरात काय आलं तर किराणा आणण्याच्या पिशवीतून कान. म्हणून घराचा अर्थही बदलतो. एका ठिकाणी घर हीच गुन्ह्याची जागा आहे, दुसऱ्या ठिकाणी गुन्हा बाहेर होतो आणि घरी येतो तो सामानासारखा. दुसरं असं की ड्यूक हे कवीने रचलेलं पात्र आहे, आणि फोर्शे पहिल्याच वाक्यात सांगते की तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, मी त्याच्या घरात होते. ती १९७८मध्ये एल साल्वादोरला गेली होती. २०१९च्या तिच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावही त्याच वाक्यावरून आहे. रचलेल्या एकभाषिताला आणि साक्षीला आपण एकाच तराजूत घालतोय, हे गटापुढे निदान एकदा मोठ्याने म्हणा.

---

पानगळ

तिघांचेही आभार, गच्चीची जोडी माझ्या नजरेतून पूर्ण सुटली असती. आणखी दोन शंका. कर्नलची बायको आणि मुलगी यांच्याबद्दल काय बोलावं? त्यांना बळी म्हणावं की सामील? आणि दोन्ही शेवटांचं काय? ब्राउनिंगचा शेवट काहींना उगीच जोडल्यासारखा वाटतो.

---

उंबरठा

तळटीप यांचा मुद्दा मान्य. पाहुण्याचा धागा कणा म्हणून ठेवा आणि बळींचा फरक त्याला छेद देणारा म्हणून आणा. चर्चेला दोन टोकं मिळतील.

बायकोबद्दल निकाल देऊ नका, तिच्या हालचाली मोजा. ती ट्रे आणते आणि शेवटी सगळं आवरून नेते. ती टेबल मोकळं करते, आणि त्याच मोकळ्या टेबलावर थोड्या वेळाने पिशवी ओतली जाते. तिला माहीत होतं का? कविता सांगत नाही. मुलगी नखं घासत बसली आहे, मुलगा रात्रीसाठी बाहेर पडला. तिघांपैकी एकाच्याही तोंडी वाक्य नाही. डचेसच्याही नाही. तिचं हसू, तिची लाली, तिचे आभार, सगळं आपल्याला ड्यूककडूनच कळतं. तेव्हा "डचेस भोळी होती" किंवा "चंचल होती" असं कुणी म्हटलं तर विचारा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मोलकरणीला विसरू नका. तिला बोलवायला टेबलावर सोन्याची घंटी आहे, आणि ती आणते ते हिरवे आंबे आणि मीठ. आपल्याकडच्या वाचकाला कैरी-मीठ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि सुटू द्यावं. एल साल्वादोरमध्येही ते रस्त्यावर विकलं जाणारं, सगळ्यांचं खाणं आहे. कर्नलच्या घरात देशातली माणसं जे खातात ते एवढंच आलेलं आहे, आणि नंतर त्याच माणसांचे कान. इथे गट थोडा वेळ गप्प राहिला तर घाईने पुढे जाऊ नका.

---

चौथा_चरण

शेवटांबद्दल. ब्राउनिंगचा शेवट जोडलेला नाही. जिना उतरताना ड्यूक कांस्यशिल्प दाखवतो: समुद्रदेव नेपच्यून सागरी घोड्याला काबूत आणतो आहे. कवितेचा शेवटचा शब्द 'मी', म्हणजे शिल्प "माझ्यासाठी" ओतलेलं. चित्रातली बायको आणि शिल्पातला घोडा एकाच संग्रहातले नग झाले, आणि होणारी बायको त्या यादीत पुढची. त्याआधी दोन-चार ओळींत हुंड्याची मागणी उरकली आहे आणि लगेच "खरं तर मुलगीच हवी आहे" असंही म्हटलं आहे. हा क्रम बदलून वाचून बघा, म्हणजे तो किती हिशेबी आहे ते कळेल.

कर्नलही शेवटी कलेपाशीच येतो. कान हाताने जमिनीवर लोटतो, उरलेली वाइन उंच धरतो आणि म्हणतो, तुमच्या कवितेला काहीतरी मिळालं, नाही का? ड्यूक कलेचा आश्रयदाता, कर्नल कलेची टर उडवणारा. पण आपण केलेल्या हिंसेतून कला निघते आणि तीही आपल्याच मर्जीने, असं दोघांनाही वाटतं.

आणखी एक धागा वेळ उरला तर घ्या. ब्राउनिंगची कविता पाहण्यावर उभी आहे: पडदा, चित्र, नजर, आणि तो पडदा ड्यूकशिवाय कुणी सरकवत नाही हे त्याने सांगणं. फोर्शेची ऐकण्यावर उभी आहे: पहिल्या वाक्यात 'ऐकलंत', मग टीव्ही, जाहिरात, घंटी, पोपट, "गप्प बस", आणि शेवटी कान. 'जिवंत' हा शब्द दोन्हीकडे आहे. चित्र जणू जिवंत, हे ड्यूक दोनदा म्हणतो, दुसऱ्या आणि ४७व्या ओळीत. कर्नल पाण्याच्या पेल्यात कान टाकतो आणि तो तिथे जिवंत होतो. इथे 'जणू' नाही. शेवटच्या दोन वाक्यांची सुरुवात अगदी एकसारखी आहे, जमिनीवरचे काही कान असं म्हणून. काहींनी कर्नलच्या आवाजाचा तुकडा टिपला, काही जमिनीला चिकटलेले होते. ही दोन्ही वाक्यं एकाच सुरात वाचा, दुसऱ्यावर जोर देऊ नका. जमिनीला लागलेले कान नुसते पडले आहेत की खालचं काही ऐकताहेत, हे गटाला ठरवू द्या.

---

तळटीप

पाऊण तासाची वाटणी अशी जमेल: 'द कर्नल' आधी, कारण ती वाचायला जेमतेम दोन-तीन मिनिटं लागतात आणि भाषा सोपी आहे. मग तिची चार मिनिटांची पार्श्वभूमी, आणि दहा मिनिटं फक्त वस्तूंची यादी: प्रत्येकाने एक वस्तू उचलायची आणि ती कुणाच्या हातात आहे ते सांगायचं. 'माय लास्ट डचेस' त्यानंतर, दोनदा. पहिल्यांदा नुसती ऐकायला, दुसऱ्यांदा हातात प्रत घेऊन. तिला सगळी मिळून पंधरा मिनिटं लागतीलच, कारण इंग्रजी जुनं आहे आणि कंसातली वाक्यं वाट चुकवतात. उरलेला वेळ गच्ची आणि पाहुणा.

क्रम उलटा केला तर इंग्रजी शिकलेले निम्मे लोक ब्राउनिंगवर परीक्षेतली उत्तरं म्हणून दाखवतील आणि बाकीचे गप्प बसतील. शिवाय 'द कर्नल'मध्ये एक शिवी आहे आणि कापलेले कान आहेत, हे बोलावणं पाठवतानाच कळवा. पण वाचताना शिवी गाळू नका. ब्राउनिंगच्या प्रती बिनधास्त काढा. फोर्शेच्या कवितेवर स्वामित्वहक्क आहे, तेव्हा ती समूहावर टाकत फिरवण्यापेक्षा एक-दोन पुस्तकं मागवून हातोहात फिरवलेली बरी.